डाव्या कानाला कातर

खडकी बाजारात, पुष्पम्माच्या मासळीच्या टोपल्यांमागं
माझं ब्लाउजचं दुकान. दुकान म्हणजे
एक मशीन, एक बल्ब, कात्रणांचं पोतं.
त्या पोत्यात छिंट व्यायची.

नावं मीच ठेवलेली, हाताशी असतं त्यातली.
तिरंगी ती छिंट, पांढरी ती पॉपलीन,
आणि मळक्या राखाडी रंगाचा,
एका डोळ्यानं अधू बोका, अस्तर.

छिंटचं पहिलं वेत चार पिलांचं.
एक रिक्षाखाली गेलं, एक नुसतंच सुकलं,
दोन कुणी नेली, कशाला नेली ठाऊक नाही.
दुसरं वेत पाचाचं.
तिसऱ्याचा हिशेब मी ठेवला नाही.
मापाच्या वहीत तेवढं पान कोरं आहे.

वरच्या मजल्यावरचे खळदकर म्हणाले,
पोत्यात भरा आणि मुळेपलीकडे सोडून या.
मागं एकदा सोडलीच होती कुणीतरी.
महिन्याभरात दुसऱ्या चार आल्या.
मासळीचा वास असतो तिथं जागा रिकामी राहत नाही.

मग तेजल आली, ओसवालांची.
स्कूटरवर पायाशी पिंजरा, नाकाला ओढणी.
त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही
आणि ही पोरगी चिमटीत सुकट धरून
रात्री अकराला गटाराकडेला उकिडवी बसते.
"काकू, आज दुपारपासून काही घालू नका त्यांना."
मी पुष्पम्माकडे बघितलं, पुष्पम्मानं आभाळाकडे.

पहिल्या रात्री पिंजऱ्यात घूस सापडली.
दुसऱ्या रात्री खळदकरांची स्वतःची मांजर,
गळ्यात घुंगरू.
तिसऱ्या रात्री खट्.
छिंट ओरडली नाही. जाळीला
नाक घासत राहिली, रक्त येईतो.
तेजलनं वर चादर टाकली.
अंधार झाला तशी ती थांबली.

डॉक्टर मुलाणीबाई म्हणाल्या, टाके आतल्या आत विरघळतील.
दुखू नये म्हणून इंजेक्शन दिलंय.
आजची रात्र ऊब द्या.

मी काही बोलले नाही.
माझं ऑपरेशन शाळेच्या वर्गात झालं होतं.
सतरंजीवर ओळीनं आम्ही सतरा जणी,
फळ्यावर कुणाची तरी बेरीज अर्धीच राहिलेली.
दुखतं का, कुणी विचारलं नाही.
सासूनं रिक्षाचे पैसे वाचवले,
चौथ्या दिवशी मी मशीनवर.

छिंटलाही कुणी विचारलं नाही, हे खरंच.
मांजराला विचारायचं तरी कसं?
शटर अर्धं ओढून रात्रभर बसले दुकानात.
दर तासाला चादर उचलायची,
पोट वर-खाली होतंय ना, बघायचं,
एवढंच जमलं मला.

डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं.
भुलेत असतानाच कापतात,
म्हणजे पुन्हा कुणी धरायला नको,
पुन्हा पोट उघडायला नको.
कापडाला मीही कातर देते,
बाही कुठं जोडायची त्याची खूण.
"ही कसली गं खूण?" मी तेजलला विचारलं.
"सोडायची," ती म्हणाली.

दार उघडलं तशी छिंट एका दमात टोपल्यांमागं.
मागं वळून बिळून काही नाही.
संध्याकाळी पोत्यावर येऊन झोपली,
माझ्याकडे पाठ करून.

पॉपलीनचं परवा झालं.
राहिला अस्तर.
पिंजरा दिसला की लांबूनच शेपटी ताठ करतो
आणि धार सोडतो
भिंतीवर, खळदकरांच्या गाडीवर,
काल तर माझ्या नव्या गिऱ्हाइकाच्या पिशवीवर.
पुष्पम्मा म्हणते, सुकटीला हा भुलायचा नाय,
बांगड्याचं डोकं लाव.
उद्या ती एक बाजूला ठेवणार आहे.